कोपराला कोपर

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. जळकोटात एका खोलीच्या घरात एकटा राहत होतो आणि दुपारचं जेवण दार लावून जेवत होतो.

दार का लावायचो ते आधी सांगतो. त्याच्या तीन वर्षं आधी मला लकवा मारला. नांदेडला दवाखान्यात बरेच दिवस पडून होतो. तोंड सरळ झालं, पाय परत आला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. खांद्याला लोंबतो, एवढंच. तो मी उपरण्याखाली झाकून ठेवतो. घरी आल्यावर बायकोनं वर्षभर मला घास भरवले. तीसुद्धा दार लावायची, कारण तिला माझा स्वभाव माहीत होता. मग ती गेली. ती गेली तेव्हा माणसं बसायला यायची, म्हणायची, आता अप्पांचं कसं होणार. कसं होणार म्हणजे काय, ते मला एकट्यालाच कळत होतं. मला आता डाव्या हातानं जेवायचं होतं.

आजकालच्या पोरांना यात काय एवढं ते कळायचं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण पंगत वाढण्यात मी तालुक्यात मागं हटलेला माणूस नाही. गावात लग्न असो, जत्रा असो, मठातलं जेवण असो, वरणाची बादली माझ्याकडं. डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं. शंभर माणसांची पंगत असली तरी पहिल्या ताटातलं वरण गार व्हायच्या आत शेवटच्या ताटात पडायचं. डावा हात ताटावर न्यायचा नाही, हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं. कुणी डाव्या हातानं नुसतं मीठ वाढायला गेला तरी मी बादली खाली ठेवायचो. तो वाढणारा लगेच हात मागं घ्यायचा. असल्या माझ्यासारख्या माणसानं आता चार लोकांत बसून डाव्या हातानं खायचं! डाव्या हातानं मी लिहायला शिकलो, हे लिहितोय तेही त्याच हातानं, अक्षर कोंबडी चालल्यासारखं येतं. लिहायची लाज वाटत नाही. खायची वाटायची.

एकदा लोकांत खाऊन बघितलं होतं. बायको गेल्यावर पोरगी मला नांदेडला घेऊन गेली. जावई रेल्वेत आहे, घर चांगलं आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बरोबर बसवलं. पोरीनं चमचा दिला. चमच्यानं वरण-भात जमला, पण भाकरी चमच्यानं कशी तोडायची? मी हातानं तोडायला गेलो. विहीणबाई समोर होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बाई चांगल्या आहेत. फक्त आपलं ताट उचललं, म्हणाल्या, "जरा आत पंख्याखाली बसते," आणि आत गेल्या. पंखा आमच्या डोक्यावरच फिरत होता. पोरीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट माझ्या खोलीत येऊ लागलं. आठवडाभर राहिलो आणि एस.टी. धरून जळकोटला परत आलो. दार लावून खायचं तर आपलं दार लावून खावं.

जळकोटात मठाच्या मागं पत्र्याची मोठी शेड आहे. तिथं एक मंडळ म्हाताऱ्या माणसांना आणि अपंगांना दुपारचं जेवण देतं. ते सगळं एक बाई बघते. सगळे तिला अक्का म्हणतात. वयानं माझ्या पोरीएवढी असेल, पण आवाज असा की शेडमधून हाक मारली तर मोंढ्याच्या बाजारात ऐकू जावी. तिनं माझा डबा सुरू केला. मी नको म्हणालो होतो.

"फुकटचं मी कुणाचं खात न्हाई."

"फुकटचं कुठं हाय? जलमभर बादली घेऊन वाढलंत. ते आता परत येऊन राहिलंय असं समजा."

हे बोलणं मला पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. कारण एका हातानं माझी भाकरी जमत नव्हती. पीठ मळायचो, थापायचो, तिथपर्यंत ठीक. परातीतून उचलून तव्यावर टाकताना ती मधूनच फाटायची. मग तो तुकडा एकीकडं कच्चा, एकीकडं करपलेला. तसलं खाऊन पोट धरून बसायचो.

तर डबा येऊ लागला. रिक्षावाला दाराशी भोंगा वाजवायचा, कालचा डबा घ्यायचा, आजचा द्यायचा. मी दार लावायचो. खाली बसून ताटात भाकरी ठेवायची, तिच्या एका कडेवर वरवंटा ठेवायचा आणि डाव्या हातानं दुसरी कड ओढून तुकडा तोडायचा. वरवंटा घसरला की भाकरीही त्याच्याबरोबर जायची. बाजूच्या घरात त्या वेळेला कुकरची शिट्टी व्हायची, पोरं शाळेतून यायची, त्यांची आई त्यांच्यावर ओरडायची. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. माझ्याकडून त्यांना काय ऐकू जात असेल? वरवंट्याचा खडखडाट. एकदा त्या बाईनं विचारलंच, "अप्पा, रोज दुपारी चटणी वाटताव का?" मी हो म्हणालो.

जेवण झालं की पोरीचा फोन.

"अण्णा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय होतं?"

मी सांगायचो, अंबाडीची भाजी होती, वरण होतं. त्यापुढं तिच्याकडंही बोलायला काही नसायचं आणि माझ्याकडंही. मग ती म्हणायची, ठेवते. दिवसभरात कुणाशी बोललो ते एवढंच, असं पुष्कळ दिवस व्हायचं. रिक्षावाला तर बोलायचाही नाही, त्याला अजून घरं करायची असायची.

पावसाळा सरल्यावर अक्का स्वतः दाराशी आली. डबा तिच्याच हातात होता. म्हणाली, "अप्पा, रिक्षावाल्यानं काम सोडलं. दुसरा मिळून न्हाई राहिला. आता घरी डबा फक्त हातरुणावर पडलेल्यांना. तो मीच नेऊन देणार. ज्यांना चालता येतं त्यांनी शेडात यायचं."

"मला कुठं चालता येतं?"

"काल पोस्टात कोण गेलतं? मी बघितलं की."

मी डबा घेतला. ती जाता जाता म्हणाली, "बारा वाजता पंगत बसते. या. माणसांत बसाल तर दोन घास जास्ती जातील."

माणसांत बसलं की घास जाणारच नाही, हे तिला कसं सांगायचं?

मी गेलो तो वार सोमवार होता. ते बरं झालं. शेडात दोन्हीकडं पट्ट्या अंथरलेल्या. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी मागं बाकडी. बहुतेक सगळे ओळखीचेच, पण बऱ्याच वर्षांत न बघितलेले. ज्यांना मी लग्नात वाढलं होतं, तेच आता दात नसलेल्या तोंडानं माझ्याकडं बघून हसत होते. एकजण म्हणाला, "अरे, बादली आली बघा!" सगळे हसले. मी पण हसलो. ताटं मांडायला लागले तसा मी उठलो.

"अक्का, आज सोमवार. माझा उपास हाय."

"हे काय! मग आधी नाही का सांगायचं? थांबा, संध्याकाळी सोडायला डबा बांधून देते."

डबा घेऊन घरी आलो. दार लावलं, वरवंटा काढला. मला वाटलं, झालं, जमलं.

मंगळवारी मी सांगितलं, मंगळवार देवीचा. अक्कानं डबा बांधला. बुधवारी सांगितलं, प्रदोष आहे. तेव्हा दाराजवळ बसलेला एक आंधळा म्हातारा म्हणाला, "प्रदोष उद्या हाय, अप्पा." त्याला सगळे मामा म्हणायचे. पूर्वी एस.टी. स्टँडवर फुटाणे विकायचा. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. कान मात्र शाबूत. मी त्याला म्हणालो, "तुमच्या पंचांगात आसंल." तो म्हणाला, "मला कुठलं पंचांग दिसतंय? रेडिओवर सांगितलं." लोक हसले, पण अक्कानं माझी बाजू घेतली. "असू द्या मामा. ज्याची त्याची श्रद्धा." मग गुरुवार झाला. शनिवार मारुतीचा झाला. पुढल्या आठवड्यात मी एकादशी सांगितली तेव्हा मागच्या बाकड्यावरचा आमच्यातलाच एक लिंगायत पाहुणा म्हणाला, "अप्पा, कपाळाला भस्म आन उपास एकादशीचा? तुळशीची माळ कधी घातली?"

"देव एकच हाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

यात मला एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. लोकांना ते खरंच वाटू लागलं. स्वयंपाक करणाऱ्या बाया मला बघितलं की डोक्यावर पदर घ्यायच्या. एकीनं पाया पडून सांगितलं, सुनेला दिवस गेलेत, नीट होऊ द्या म्हणून आशीर्वाद द्या. मी डाव्या हातानं आशीर्वाद कसा देऊ? नुसतं "शिव शिव" म्हणालो. तिला तेवढंही पुरलं. खोटं कशाला बोलू, मला ते थोडं आवडलंही. लकवा मारल्यापासून माझ्याकडं जो तो कीव करून बघत होता. आता बघण्यात दुसरं काहीतरी आलं होतं.

पण एका दुपारी शेडात गेलो तर अक्का हसत समोर आली. "अप्पा, आज तुम्ही उपाशी जायचं न्हाई. बायांनी खास तुमच्यासाठी भगर केलीय आन शेंगदाण्याची आमटी. बसा, सगळ्यांच्या बरोबर खावा."

पट्टीवर मध्यभागी माझं ताट मांडलं होतं. बाजूला रांगोळीची दोन बोटं ओढलेली. सगळे माझ्याकडं बघून राहिलेले. भगरीचा वास येत होता. आमटीवर तूप तरंगत होतं. मी उपरण्याखालचा हात डाव्या हातानं धरला आणि म्हणालो,

"आजचा निरंकार हाय. पाणी बी चालत न्हाई."

बायांनी कौतुकानं एकमेकींकडं बघितलं. आणि निरंकार म्हटल्यावर संध्याकाळचा डबाही गेला. तो उपास दुसऱ्या दिवशी सुटतो. मी घरी आलो. भिंतीपलीकडं कुकर झाला, पोरं जेवली. पोरीचा फोन आला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय होतं?"

"भगर," मी म्हणालो. ती भगर मला संध्याकाळपर्यंत दिसत होती.

त्यानंतर त्या निरंकारानं मला धरलंच. बाया रोज काहीतरी उपासाचं करून ठेवायच्या, कधी रताळी, कधी राजगिरा. मी रोज नवीन कारण काढायचो. कधी डबा मिळायचा, कधी नाही. दुकानातून बिस्किटं आणून चहात बुडवून खायचो. बिस्किटाला दोन हात लागत नाहीत.

पोरगी दिवाळीच्या पुढंमागं आली. नांदेडहून सकाळच्या गाडीनं. दारात उभी राहिली आणि माझ्याकडं बघतच राहिली. माझ्या सदऱ्याचा गळा धरला आणि तिची मूठ त्यात सहज फिरली.

"अण्णा, तुम्हाला जेवायला देतात का न्हाई?"

"देतात की."

ती तशीच तरातरा शेडात गेली. मी मागं काठी टेकत. मी पोचेपर्यंत अक्का तिला सांगत होती, "ताई, तुमचे वडील म्हणजे लई मोठा माणूस. एवढे उपास तर मठातले स्वामी बी करत नसतील."

"उपास?" पोरगी म्हणाली. "ह्यांनी? हे शिवरात्रीला माझ्या आईची नजर चुकवून चुलीमागं धपाटं खायचे!"

अक्का दाराकडं, माझ्याकडं बघायला लागली. चुलीजवळच्या बायाही वळल्या. मी बाहेरच्या बाहेर परत फिरलो.

घरी पोरीनं कोपऱ्यातला वरवंटा बघितला. बिस्किटांचे पुडे बघितले. काही विचारलं नाही. माझी पोरगी आहे, तिला न विचारता कळतं. खाली बसून म्हणाली, "अण्णा, मी महिन्यानं परत येणार. तुमच्या अंगावर मास दिसलं तर इथं राहा. न्हाई दिसलं तर घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाणार. पाय धरा, ओरडा, काय बी करा. मला तुमच्या मयताला यायचं न्हाई."

"तिथं मी खोलीतच जेवणार ना?"

तिच्या डोळ्यात पाणी आलं. "मग कुठं जेवणार, अण्णा?"

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी दारात उभा होतो. हे घर काही वाडा नाही, एक खोली, पुढं पत्रा, मागं मोरी. पण ते सोडून नांदेडला गेलो की मी परत येणार नाही, हे मला दिसत होतं. तिथं माझं ताट आत येणार आणि मी आत बसून खाणार, मरेपर्यंत. इथं निदान दार मी लावतो.

तेव्हा ठरवलं की शेडात जेवायचं. पण सगळ्यांच्या नजरेपुढं नाही. त्याच्यावर मी अक्कल चालवली. मामाच्या शेजारी बसायचं. त्याला दिसतच नाही. तो पंगतीच्या टोकाला, दाराच्या चौकटीला लागून बसतो, तिकडं सगळ्यात शेवटी वाढायला येतात. माणसं आपापल्या ताटात असतात. आपली एक बाजू झाकली की काम झालं.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. अक्कानं नुसतं विचारलं, "आज?"

"आज काही न्हाई," मी म्हणालो. "मामाच्या शेजारी बसतो. ताटात काय कुठं हाय ते त्यांना सांगत जाईन. त्यांची तेवढीच सोय."

मामानं ते ऐकलं. "माझी सोय? मला ताट दिसत न्हाई, म्हणून तोंड बी सापडत न्हाई का?"

शेडभर हशा. मी कानापर्यंत लाल झालो, पण बसलो. मामा चौकटीला लागून, मी त्याच्या उजव्या अंगाला. माझ्या पलीकडं एक म्हातारी होती, ती डोळे मिटूनच जेवायची. वाढप आलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण-भात, शेंगदाण्याची चटणी. मी मामाला म्हणालो, "वरण समोर. चटणी डावीकडं."

"डावीकडं चटणी? मग हिकडं उजवीकडं काय हाय?"

"भाजी."

"आसंच नेहमी वाढतात हो, अप्पा. खावा तुम्ही."

मी आधी भात घेतला. तो सोपा. डाव्या हातानं घास केला, मान खाली घातली आणि तोंडाजवळ नेला तोच मामाचं कोपर माझ्या कोपराला आपटलं. त्याचा घास ताटात पडला, माझा मांडीवर.

"अरे," मामा म्हणाला. परत आम्ही दोघांनी घास उचलला. परत आपटलं.  मी थांबलो, म्हटलं याला जेवू द्यावं. तो घास घेऊन थांबला. मी हात उचलल्यावर त्यानंही उचलला आणि परत कोपराला कोपर.

मामानं घास ताटात ठेवला. डोकं जरासं माझ्याकडं वळवलं. मला वाटलं, आता हा ओरडणार आणि अख्ख्या शेडाला कळणार. मी उठायच्या तयारीत काठी चाचपली.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "डाव्या हातानं खाऊन राहिलाव का?"

मी डावा हात मांडीवर घेतला.

"मग माझ्या उजव्या अंगाला कशाला बसलाव? तुमचा डावा आन माझा उजवा एकाच ठिकाणी येणार की. म्हणून तर धडक व्हायलीय." बैल जुंपताना कुणी सांगावं तसं तो सांगत होता. "उठा. हिकडं या, माझ्या डाव्या अंगाला. तिथं दार हाय, तुमचं कोपर मोकळं राहील. माझा डावा हात तसाबी मांडीवरच असतोय."

"तिथं तुमची जागा हाय. चौकट हाय."

"मी सरकतो. चौकट धरली की पुढं तुमचा गुडघा लागंल, त्याच्या पुढं मी. तेवढं मला कळंल."

तो ताट ओढत उजवीकडं सरकला. वाढपातल्या एका बाईनं विचारलं, "मामा, काय झालं?" तो म्हणाला, "हिथं वारं लागून राहिलंय." मी काठी टेकत दाराकडं जाऊन बसलो, मामानं चाचपत माझं ताट माझ्यापुढं सरकवलं. कुणी बघितलं का? बघितलं असेल. मी मान वर केली नाही.

आता कोपर मोकळं होतं. भात खाल्ला. वरण खाल्लं. भाकरी तशीच राहिली. शेडात वरवंटा कुठून आणणार? बोटानं दाबून तोडायला गेलो तर अख्खी भाकरी ताटात गोल फिरायची आणि ताट वाजायचं. मामाला ताटाचा आवाज गेला. त्यानं स्वतःचा हात पाण्यानं धुतला, पंच्याला पुसला आणि माझ्याकडं पसरला.

"आणा ती भाकरी."

"राहू द्या."

"आणा म्हणतो ना. उष्टी न्हाई करत तुमची."

मी दिली. त्यानं तिचे तुकडे केले, सगळे सारखे, घासाएवढे. फुटाणे विकणाऱ्याची बोटं होती. तुकडे द्यायला माझा हात चाचपला, तेव्हा त्याचा अंगठा माझ्या बोटांच्या टोकांवर थांबला.

"नखं वाढलीत की हो. चटणी आत जाऊन बसत आसंल. झोंबत न्हाई?"

झोंबायची. डाव्या हाताची नखं कापायला उजवा हात लागतो. बायको होती तोवर ती कापायची. ती गेल्यावर मी पायरीच्या दगडावर घासायचो, पण दगडानं कडा तुटतात, नख वाकडं होतं. नांदेडला पोरीला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

"झोंबतं," मी म्हणालो.

"मग कुणाला तरी सांगावं," मामा म्हणाला आणि आपल्या ताटाकडं वळला.   भाकरीचे तुकडे भाजीला लावून खाल्ले. शेजारी माणूस जेवत असल्याचा आवाज येत होता, चावल्याचा, पाण्याच्या घोटाचा. किती दिवसांनी तो आवाज इतक्या जवळून ऐकला ते मला आठवेना. अक्का भाकरीची पाटी घेऊन आली. माझ्या हाताकडं तिची नजर गेली, ती मला दिसली. तिनं अर्धी भाकरी ठेवली. नंतर वाकून तीच उचलली, उभ्या उभ्या तिचे तुकडे केले आणि परत ताटात टाकले. पुढं गेली.

घरी आलो. दार उघडंच ठेवलं, ते लावून खायचं आज काहीच नव्हतं. पोरीचा फोन आला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय होतं?"

"वांग्याची भाजी. दीड भाकरी खाल्ली."

 मग म्हणाली, "कुणाजवळ बसला होतात?"

"एक मामा हाय. फुटाणेवाला. त्याला दिसत न्हाई."

"मग बरं हाय," ती म्हणाली. काय बरं आहे ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवला. खोलीत परत तेवढीच शांतता. एका दुपारच्या जेवणानं ती काही जात नाही, हे मला कळत होतं. संध्याकाळ झाली, दिवा लावला, बायकोच्या फोटोपुढं बसलो. नखं बघितली. पिवळी झाली होती. मधल्या बोटाचं आत वळलं होतं. याच हातानं आज मी चार माणसांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याचं दुकान उघडायच्या आधीच मी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यानं शटर वर केलं, खुर्ची झटकली, विचारलं, "दाढी का कटिंग, अप्पा?"

"नखं," मी म्हणालो आणि डावा हात पुढं केला. "नीट काढ. जेवायचा हात हाय."

त्यानं हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. वाटीत कोमट पाणी घेतलं आणि म्हणाला, बोटं जरा भिजू द्या.